मदत हवी आहे: √४९ म्हणजे ७, मग वर्गसमीकरणात उणे ७ कुठून येतं?

नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातले. मुलगी यंदा दहावीला आहे. बीजगणिताच्या चाचणीत हे उदाहरण होतं:

(क्ष − ५)² = ४९

तिने दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेऊन क्ष − ५ = ७, म्हणून क्ष = १२ असं लिहिलं. पेपर परत आला तेव्हा शेजारी लाल शाईत नुसतं ‘दुसरे मूळ?’ आणि एक मार्क कमी. ती म्हणते, “मम्मी, नववीत तर शिकवलं की √४९ म्हणजे ७च. आता उणे ७ कुठून आलं?” मी बारावी शिकलेली आहे, पण आम्ही ± लावायचं म्हणून लावायचो. “असंच असतं” म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये मला.

आणखी एक. वहीत केळीचं उदाहरण आहे. पाच बाय पाच फुटांवर ९०० झाडं लावली, तर चौरस बागेची बाजू किती? तिथे −१५० खोडून फक्त १५० ठेवलंय. कधी दोन ठेवायची आणि कधी एक? परवा पुन्हा चाचणी आहे, कोणी समजावून सांगाल का?

उत्तर (चाळीसगावहून, निवृत्त शिक्षक)

ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे, तिला रागावू नका. √ हे चिन्ह फक्त धन मूळ दाखवतं, म्हणून √४९ = ७ हे बरोबरच. पण समीकरण वेगळं विचारतंय: कोणत्या संख्येचा वर्ग ४९ येतो? तशा संख्या दोन आहेत.

पटत नसेल तर तिला असं करायला लावा. क्ष − ५ ला म म्हणा.

म² − ४९ = ०
(म − ७)(म + ७) = ०

गुणाकार शून्य आला म्हणजे कोणता तरी एक कंस शून्य. म = ७ किंवा म = −७. म्हणून क्ष = १२ किंवा क्ष = −२. ताळा करा: −२ − ५ = −७, त्याचा वर्ग ४९.

केळीच्या बागेचं क्षेत्रफळ ९०० × २५ = २२,५०० चौरस फूट. बाजू ब धरली तर ब² = २२५००, ब = ±१५०. समीकरणाची मुळं दोन्ही. पण बांध उणे १५० फुटांचा नसतो, म्हणून एक सोडायचं. पेपरात आधी दोन्ही लिहायची, मग ‘लांबी ऋण नसते’ ही ओळ लिहायची आणि मगच −१५० खोडायचं. बरीच मुलं ती ओळ गाळतात.

आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला होता. त्या आजोबांनी बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय की धन संख्येची मुळं धन आणि ऋण अशी दोन्ही असतात, आणि ऋण संख्येला मूळ नसतं, कारण ती कोणाचा वर्गच नाही. म्हणजे क्ष² = −९ आलं तर ‘वास्तव मूळ नाही’ लिहून थांबायचं.

उत्तर (शिरपूरहून)

ताई, ३(क्ष + १)² = ६० असं आलं तर आधी ३ ने भागायला सांगा. मूळ त्यानंतर. (क्ष + १)² = २०, म्हणून क्ष = −१ ± २√५. गेल्या वर्षी मी घाईत ६० चंच मूळ काढून बसलो होतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर, दादा, खूप आभार. कंस पाडून दाखवल्यावर तिला लगेच पटलं, पाच उदाहरणं तिची तिने सोडवली. आता विचारतेय, क्ष² = ५क्ष ला दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं तर चालेल का? क्ष = ५ येतं.

उत्तर (चाळीसगाव)

नाही चालत. क्ष शून्य असेल तर भागता येत नाही, आणि नेमकं तेच मूळ हरवतं. सगळं एका बाजूला घ्या: क्ष(क्ष − ५) = ०. मुळं ० आणि ५.