जुन्या दुचाकींच्या कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या तक्रारी : अनुभव धागा

दहाबाराचा पाना
एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. पण आरएक्स १००, सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, जुनी बुलेट अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग) उघडणारे हात कमी होत चाललेत. म्हणून हा धागा. गाडी, लक्षण, कारण आणि नेमकं काय केलं तेवढं लिहा. "मिस्त्रीने काहीतरी केलं, गाडी चालू झाली" यातून कुणाच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात मीच करतो, आणि तीही कार्बोरेटरच्या वरून. गाडी चार-पाच किलोमीटर नीट चालते, मग झटके देत बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा एका किकमध्ये चालू. अशा वेळी आधी टाकीचं झाकण बघा. बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं आणि हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि धार थांबते. झाकण सोडवून छिद्रातून हवा मारा, बस्स.

दुसरी तपासणी धारेची. इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, कार्बोरेटरकडचं पेट्रोल पाईपचं टोक काढून बाटलीत धरा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) उघडा आणि एक मिनिट मोजा. हिशोब सोपा आहे : ताशी ६० च्या वेगाला ६० चं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला १ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिली पिते. पूर्ण ॲक्सिलरेटरला दुप्पट-तिप्पट धरा. तरीही बाटलीत मिनिटाला १५० मिलीच्या वर पडायला हवं. ऑन आणि रिझर्व्ह दोन्हीवर मोजा. रिझर्व्हला धार जाड आणि ऑनला बारीक असेल, तर कॉकच्या उभ्या नळीवरची जाळी चोंदली आहे. इनलाइन फिल्टर बसवला असेल तर तो काढून पुन्हा मोजा. पेट्रोल पंपाने ढकलणाऱ्या गाड्यांचे फिल्टर इथे लावले तर धार अडवतात, कारण आपल्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून आपोआप खाली उतरतं.

स्लोजेट
आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न देता) गाडी चालू राहत नाही, चोक ओढून धरला तरच चालते, ॲक्सिलरेटर दिल्यावर मात्र ठणठणीत. हे बहुधा स्लो जेट (आयडलिंगपुरतं पेट्रोल सोडणारा पितळी तुकडा) चोंदल्याचं लक्षण. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. दोन महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेली चिकट राळ सगळ्यात आधी इथेच बसते.

क्रम असा ठेवा. कॉक बंद, वाटीच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोल साठण्याच्या भांड्याच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काढा. एअर स्क्रू आधी आत हलके टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे बसले ते लिहून ठेवा, मगच तो बाहेर काढा. त्यामागे स्प्रिंग, बारीक वायसर आणि ओ-रिंग असते, ती ओ-रिंग आतच राहून जाते आणि नंतर शोधाशोध होते. जेटला बरोबर बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळेचा खाचा एकदा गेला की जेट निघत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारून १५ मिनिटं ठेवा, मग हवा मारा. जेट उजेडाकडे धरल्यावर छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. पोलादी तार किंवा टाचणी घालू नका, छिद्र मोठं झालं की आयडलिंगला गाडी कायमची रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी). फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक केस.

सगळ्यात जास्त गोंधळ स्क्रूचा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल (आरएक्सच्या मिकुनी कार्बोरेटरसारखा) तर हवा सोडतो, म्हणजे आत फिरवला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल सोडतो, म्हणजे बाहेर फिरवला की रिच. दोन्ही दिशा उलट. आधी स्क्रू कुठे आहे ते बघा, मग दुसऱ्याचा सल्ला घ्या. दीड फेऱ्यापासून सुरू करा, इंजिन पूर्ण तापलेलं असू द्या, पाव-पाव फेरा हलवत आरपीएम सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा.

लालमाती
कोकणात जून ते सप्टेंबर निम्म्या तक्रारी पाण्याच्या. बऱ्याच टाक्यांच्या झाकणाभोवती पाणी जायला एक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की पाणी साचतं आणि वॉशर कडक झाला असेल तर आत उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून ऑनवर बरी चालणारी गाडी रिझर्व्हला टाकताच फटफटते. ड्रेन स्क्रूमधून काचेच्या बाटलीत अर्धी वाटी काढा. पाणी असेल तर तळाशी मणी किंवा वेगळा थर दिसतो. मग नुसती वाटी धुऊन भागत नाही, टाकी कॉकसकट रिकामी करावी लागते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या हवेचा दमटपणा आत पाणी धरतो.

नवशिक्या
स्प्लेंडर. ओव्हरफ्लोच्या पाईपातून पेट्रोल टपकतं. फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पिन नवी घातली, तरी तेच.

स्लोजेट
नवशिक्या, पिन नवी पण सीट (पिन टेकते ती जागा) जुनी, असं आहे का ते बघा. इअरबडला थोडं ब्रासो लावून सीट हलक्या हाताने पुसा, नंतर पेट्रोलने स्वच्छ धुवा. मग फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोलचा खळखळ आवाज आला तर तो फुटलाय. खात्री करायची तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जिथून येतील तिथे भेग.

दोन्ही ठीक असतील तर फ्लोटची उंची. ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, नळी वाटीच्या कडेला उभी धरा, ड्रेन स्क्रू सैल करा, कॉक उघडा. नळीतली पेट्रोलची पातळी तीच वाटीतली पातळी. ती वाटीच्या गॅस्केटच्या रेषेच्या वर असेल तर टपकणारच. पितळी फ्लोटची पट्टी केसभर वाकवता येते. प्लास्टिकच्या फ्लोटला ती सोय नसेल तर नवा घ्या. आणि हे करताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ हवी, साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं.

टपकणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइलही हुंगून बघा. पेट्रोलचा वास असेल तर आधी ऑइल बदला, पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवू नका.

घाटवाट
लडाखला कार्बोरेटरची बुलेट नेणाऱ्यांसाठी. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. पेट्रोल तेवढंच येतं, हवा कमी, त्यामुळे मिश्रण रिच होतं : काळा धूर, प्लग काळा, चढाला ताकद नाही. जेट नीडलची (ॲक्सिलरेटरसोबत वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर सरकवा, म्हणजे नीडल खाली बसते आणि मधल्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल कमी होतं. एअर स्क्रू असेल तर अर्धा फेरा बाहेर. "फिल्टर काढून चालवा" हा सल्ला ऐकू नका, तिथली धूळ रिंगा खाते. आणि मनालीला उतरल्यावर सगळं पूर्ववत करायला विसरू नका. महाबळेश्वरसाठी यातलं काहीच लागत नाही.

फुलथ्रॉटल
मुठीवर पांढरी टेप लावून बंद, एक अष्टमांश, पाव, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. तक्रार कोणत्या खुणेवर येते त्यावरून भाग कळतो. एक अष्टमांशपर्यंत स्लो जेट आणि स्क्रू, पावपर्यंत स्लाइडचा (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपेचा) कापलेला काठ, पाव ते पाऊण नीडल, त्यापुढे मेन जेट. हे स्लाइडच्या कार्बोरेटरचं. डीटीएस-आय पल्सरसारख्या सीव्ही कार्बोरेटरला (ज्यात स्लाइड इंजिनच्या ओढीने उचलली जाते) रबरी डायफ्राम (पातळ पडदा) असतो, तो फाटला की निम्म्याच्या पुढे गाडी उठत नाही. तपासायला स्लाइड बोटाने वर उचला, फिल्टरकडच्या तोंडातलं हवेचं बारीक छिद्र अंगठ्याने बंद करा आणि स्लाइड सोडा. ती झटकन पडली तर डायफ्राम गेला. त्यावर क्लीनर मारू नका, रबर फुगतं. बसवताना काठावरचा छोटा कान खाचेत गेला पाहिजे.

दहाबाराचा पाना
ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

फुलथ्रॉटल
इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर गाडी थोडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. क्लिप एक खाच खाली.

किकमास्तर
सरसकट नको. आधी प्लग वाचा. ताशी ६० ला दोन-तीन किलोमीटर चालवून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा, प्लग काढा. विटकरी-तपकिरी असेल तर काही हलवू नका. पांढरा पडला असेल तर क्लिप खाली. आरएक्सला मात्र याबाबतीत चालढकल नको, टू स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन जाम. ई-२० चा खरा त्रास रबराला : जुना पेट्रोल पाईप, पिनचं रबरी टोक, ओ-रिंगा फुगतात नाहीतर तडकतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा.

टाकीत गंज असेल तर तोही उरकून घ्या. कॉक काढून भोक बंद करा, लिटरला ५० ते ६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. बाहेर सांडलं तर रंग खराब होतो. ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने सुकवा आणि वाटीभर टू-टी (टू स्ट्रोकचं) ऑइल आत फिरवा. तासाभराने जरी सुकवली तरी नवा गंज धरतो.

नवशिक्या
पिन-सीट पुसून टपकणं थांबलं. आता ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लवकर खाली येत नाही.

किकमास्तर
कार्बोरेटर बसवताना काळ्या इन्सुलेटरची (कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या तुकड्याची) ओ-रिंग चपटी राहिली असेल, किंवा नट जास्त आवळून फ्लँज (जोडाचा सपाट काठ) वाकला असेल. इंजिन आयडलिंगला ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, आरपीएम बदलला तर हवा तिथूनच शिरते. फ्लँज काढून काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि आठच्या आकड्यात घासा, चमक सगळीकडे सारखी आली की सपाट झाला. नवी ओ-रिंग घाला, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा.