बाई उभी आहे, म्हणून मत? अनुभव लिहा

अमेरिकेत मत देणाऱ्या, आणि द्यायची इच्छा असून देता न येणाऱ्या मराठी बायकांसाठी हा धागा. २००८ ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान), २०१६, २०२४. राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनदा तगडी बाई समोर आली: दोनदा हिलरी क्लिंटन, मग कमला हॅरिस. आपण स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो, तर तेव्हा काय केलं, का केलं आणि आता काय वाटतं ते लिहा. प्रचाराचे फॉरवर्ड व्हॉट्सॅपवरच राहू द्या. पुरुषांनी जरूर लिहावं, पण आधीचे चार प्रतिसाद वाचून.

सुरुवात मी करते. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने इराक युद्धाला मुभा दिली, ७७ विरुद्ध २३. त्या ७७ मध्ये हिलरी होत्या. १५ फेब्रुवारी २००३ ला न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत युद्धविरोधी सभेला मी गेले होते; पायाची बोटं दोन दिवस बधिर होती. ती बोटं मी विसरले नाही. नागरिक झाल्यावर २००८ ला न्यू जर्सीच्या प्रायमरीत पहिलं मत ओबामांना दिलं. (न्यू जर्सी हिलरींनीच जिंकली, माझ्या मताने काही अडलं नाही.) २०१६ च्या जूनमधल्या प्रायमरीत हिलरींचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना दिलं, तेही आदल्या संध्याकाळी हिलरींची उमेदवारी पक्की झाल्याची बातमी येऊन गेल्यावर. नोव्हेंबरात मात्र हिलरी. एरंडेल प्यावं तसं बटण दाबलं आणि बाहेर येऊन गाडीत ढसाढसा रडले. का, ते अजून कळलेलं नाही. रडू आनंदाचं नव्हतं, एवढं नक्की.

थालीपीठ (नोव्हाय, मिशिगन)
मी ती. हो, तीच, जिच्याकडे दिवाळीच्या कार्यक्रमात लोक चकली खाता खाता तिरप्या नजरेने बघतात. २०१६ ला मी ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनला मत दिलं. मिशिगनमध्ये हिलरी १०,७०४ मतांनी हरल्या. स्टाइनला ५१,४६३ मतं होती. दोन्ही आकडे मला पाढ्यासारखे पाठ आहेत, कुणी सांगायची गरज नाही.

आता कारण. तेव्हा मी आठवड्यातून दोन दिवस बायकांच्या निवाऱ्यात कामाला जायचे, बिनपगारी. तिथे एक बाई होती, दोन मुलं, नवऱ्याच्या मारहाणीतून आलेली. तिच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर ती दिवस नाही, महिने खोडायची. १९९६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या सरकारी रोख मदतीला आयुष्यभरात साठ महिन्यांची मर्यादा घातली. आमच्या मिशिगनने ती अठ्ठेचाळीसवर आणली. कायद्यावर सही बिल क्लिंटन यांची, आणि हिलरींनी तेव्हा त्याची पाठराखण केलेली. मतदानाच्या खोक्यात मला ते कॅलेंडर दिसलं. कुठल्या बाईसाठी मत देऊ? पॅंटसूटमधल्या की खोडरेघा मारणाऱ्या?

पुढे २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. बहुमतातले तीन न्यायाधीश ट्रम्प यांनी नेमलेले. त्या वर्षी राज्याच्या घटनेत तो हक्क घालण्यासाठी मी दारोदार हिंडले आणि नोव्हेंबरात ते पासही झालं. एका दारावर एक गोरी आजी म्हणाली, “हे काम तुला सहा वर्षांपूर्वीच करता आलं असतं.” तिला माझं मत माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मी पायऱ्या उतरेपर्यंत वर बघितलं नाही.

माफी मागणार नाही. पण निवाऱ्यातल्या त्या बाईचं काय भलं झालं माझ्या मताने, हेही मला कुणी विचारू नये.

फिल्टर_कापी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)
आमच्याकडे तत्त्व पाळणं फुकट असतं बाई. निकाल राज्यागणिक लागतो, आणि इथे हिलरी चाळीस लाखांवर मतांनी पुढे होत्या. मी आणि ओहायोतल्या मैत्रिणीने मतांची अदलाबदल केली: ती हिलरीला देणार, तिच्या वतीने मी इथे स्टाइनला. भिशीसारखं, सगळं तोंडी. तिने शब्द पाळला की नाही, देव जाणे. ओहायो तसाही गेलाच.

वरणभात (एडिसन)
मला मत नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आठ वर्षं घरी बसले. २०१५ ला ओबामा सरकारने आमच्यापैकी काहींना कामाची परवानगी दिली, तेव्हा एम.एस्सी.ची सर्टिफिकेटं सुटकेसमधून काढली. वरच्या प्लास्टिकला डांबराच्या गोळ्यांचा वास. २०१६ ला मी हिलरींसाठी फोन केले, पेनसिल्व्हेनियात. निम्मे लोक नाव ऐकूनच फोन आपटायचे. तुमचं तत्त्व-बित्त वाचते आहे, छान आहे. माझ्याकडे तत्त्व नव्हतं, वर्क परमिट होतं. स्त्रीवादी मी त्यानंतर झाले, पहिला पगार आल्यावर.

गोरेगावची आजी (सध्या लेकीकडे, रॉचेस्टर)
लेक टाइप करतेय, मी सांगतेय. २०१६ च्या मतदानाला मी इथेच होते. बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनीबाईंची कबर इथल्या माउंट होपमध्ये आहे. त्या दिवशी हजारो बायका मत देऊन तिथे आल्या आणि ‘मी मत दिलं’चे स्टिकर दगडावर चिकटवत होत्या. आम्हीही रांगेत उभ्या राहिलो. नातीने तिच्या आईचं स्टिकर लावलं, चिकटेना, मग थुंकी लावली. पुढची बाई हसली. १८७२ ला मत दिलं म्हणून अँथनीबाईंना शंभर डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधी भरला नाही, असं लेकीने रांगेत सांगितलं. फार बरं वाटलं ऐकून.

पण खरं सांगू, मला तिथे मृणालताई गोरे आठवत होत्या, आमच्या पानीवाली बाई. आम्ही लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या बायका. दिल्लीत पंतप्रधान बाईच होती ना? तिनेच आणीबाणी आणली, तिच्याच राज्यात मृणालताई तुरुंगात गेल्या. ७७ ला आम्ही ओरडायचो, “पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!” बाई बाईविरुद्ध, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि २००७ ला प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा मी पेढे वाटले, तेव्हा विचार कशाचा केला, तर मराठी बाई. तत्त्व कुठे गेलं होतं कोण जाणे. शिवसेनेनेही युती बाजूला ठेवून त्यांनाच मतं दिली, मग मी कोण लागून गेले.

लिंबूटिंबू
आजी, भारी! फक्त अँथनीबाईंबद्दल: १८६९ ला काळ्या पुरुषांना आधी मताधिकार देणाऱ्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला, आणि चळवळच दुभंगली. म्हणजे हे आपलं भांडण त्या कबरीएवढं तरी जुनं आहे.

एक नवरा
चार वाचले. दोन्ही वेळा बायकोने सांगितलं तिथे मत दिलं. हे स्त्रीवादात बसतं का?

वरणभात
तिने सांगितलं तेव्हा भांडी कोण घासत होतं, त्यावर आहे.

पुन्हापुन्हा (ॲन आर्बर)
मी इथली सर्वांत लहान असेन. २०१६ ला कॉलेजात होते, न्यू हॅम्पशायरमध्ये बर्नींसाठी बर्फातून दारं वाजवली. त्याच आठवड्यात हिलरींच्या प्रचाराला आलेल्या माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट म्हणाल्या की एकमेकींना मदत न करणाऱ्या बायकांसाठी नरकात खास जागा आहे. त्यांनी नंतर चूक मान्य केली, पण माझ्या मावशीने तो व्हिडिओ मला तीनदा पाठवला होता. तिथे बायकांच्या मतांतही बर्नीच पुढे निघाले. आम्ही सगळ्याच नरकात, मग गर्दी तरी सोबतीची.

२०२४ जास्त अवघड गेलं. कमला हॅरिस यांची आई श्यामला. माझ्या आईसारखीच साडी नेसून प्रयोगशाळेत जाणारी, असं माझ्या डोक्यात चित्र. पण गाझा. त्या ज्या सरकारात उपाध्यक्ष होत्या, तेच इस्रायलला शस्त्रं देत होतं. फेब्रुवारीच्या प्रायमरीत, तेव्हा उमेदवार बायडन होते, मिशिगनमध्ये लाखावर लोकांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘यातलं कुणी नको’, असं मत दिलं, त्यात मी. नोव्हेंबरात खालची सगळी गोलं काळी केली आणि वरची ओळ कोरी सोडली. पेन त्या ओळीवर टेकवून इतका वेळ उभी होते की शाईचा ठिपका उमटला. मशीनने तो मत म्हणून धरला नाही. घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

थालीपीठ
अगं, ॲन आर्बर म्हणजे अर्ध्या तासावर आहेस. शनिवारी ये. मी तुला कोरी ओळ का चुकली ते सांगते, तू मला स्टाइन का चुकली ते सांग. थालीपीठ करीन, लोणी घरचं आहे.

पुन्हापुन्हा
येते. पण आकडे नका म्हणून दाखवू.