रोजची दिनविशेष प्रश्नमंजूषा : तुमचा कोणता प्रश्न चुकला?

रोज सकाळी डोळे उघडले की फोनवर दिनविशेषाचे पाच प्रश्न सोडवायचे, ही माझी चार वर्षांची सवय. बरोबर आलेलं दुपारपर्यंत विसरायला होतं. चुकलेलं मात्र डोक्यातून जात नाही. माझंच घ्या. प्रश्न होता, 'ऑक्टोबर क्रांतीला सुरुवात कोणत्या महिन्यात झाली?' इतकं सोपं विचारतात का, म्हणत मी 'ऑक्टोबर' दाबलं. लाल फुली! ती तारीख ७ नोव्हेंबर १९१७. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, त्यात तो दिवस २५ ऑक्टोबर.

तर तुमचे चुकलेले प्रश्न येऊ द्या. बरोबर आलेल्यांची फुशारकी इथे नको.

*

माझं उत्तर नाही, प्रश्नच चुकला होता. ऑफिसातल्या गटासाठी रोजचे प्रश्न मी काढते. एकदा 'चूक की बरोबर' मध्ये टाकलं, 'गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला.' माझ्या मते बरोबर. लहानपणापासून हेच वाचलेलं, १६४२. अर्ध्या तासात हिशेबखात्यातल्या एका अबोल गृहस्थांचा मेसेज आला : "मॅडम, दोन तारखा दोन वेगवेगळ्या कॅलेंडरांतल्या आहेत."

बघितलं तर खरंच. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, ही इटलीतली नवी, ग्रेगोरियन तारीख. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही इंग्लंडमधली जुनी तारीख. नव्या पद्धतीने ती ४ जानेवारी १६४३ होते. बरं, दोन्ही जुन्या पद्धतीने मोजाव्यात, तर गॅलिलिओ मागे सरकून डिसेंबर १६४१ मध्ये जातो. कुठलंही एक कॅलेंडर धरा, वर्ष काही जुळत नाही! सगळ्यांचे गुण परत मोजले. तेव्हापासून प्रश्न आधी त्या गृहस्थांकडे जातो, मग गटावर.

*

चंद्रावरचं पहिलं पाऊल. मी २१ जुलै म्हटलं, त्यांचं उत्तर २०. अहो, अमेरिकेत २० च्या रात्रीचे अकरा वाजायला आले होते, ग्रिनिचला २१ ची पहाट! सलग ४१ दिवसांची मालिका तुटली. तक्रार केली, उत्तर नाही. राग अजून आहे.

*

वर्गात पहिली पाच मिनिटं मी रोज असा एक प्रश्न घेतो. २९ फेब्रुवारीला विचारलं, "मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. ही तारीख पुन्हा आली तेव्हा ते किती वर्षांचे होते?" सगळा वर्ग ओरडला, "चार!" माझ्याही वहीत उत्तर चारच लिहिलेलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी बोटं मोजत होती. १९०० वर आली, ते बोट उघडलं, थांबली, परत मिटलं. "सर, आठ." शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेनेही भागलं गेलं तरच लीप, हे गेल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं. मीच.

*

गटात ३० माणसं. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती? मी म्हटलं दहा टक्के. उत्तर सत्तर टक्के. २३ माणसं जमली तरी निम्म्याच्या वर जाते म्हणे. गणित समजावून घेतलं, पण अजून पटलेलं नाही.

*

बाबांना अर्धांगवायूनंतर शब्द सापडत नाहीत. प्रश्न मी वाचते, ते पर्यायाचा आकडा बोटांनी दाखवतात. एकदा विचारलं होतं, 'मेरी क्युरी आणि सी. व्ही. रामन यांच्यात काय समान?' मी पर्याय न वाचताच 'नोबेल' दाबायला निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं. आधी सात बोटं. मग दहा, मग एक. मला वाटलं, गोळीची वेळ विचारतायत. चिडून त्यांनी पुन्हा दाखवलं : सात, अकरा. तोवर मी दाबलं होतं. चूक. दोघांचाही जन्म ७ नोव्हेंबरचा, एकाचा १८६७, दुसऱ्याचा १८८८. शब्द नसतानाही माणूस "सांगत होतो ना" कसं म्हणतो, ते त्या दिवशी पाहिलं.

*

वरच्या ताई, बाबांना नमस्कार सांगा.

माझा प्रश्न : 'यातली कोणती तारीख खरोखर होऊन गेली?' पर्यायांत ३० फेब्रुवारी बघून हसलो आणि तीच आधी खोडली. आणि तीच बरोबर! स्वीडन, १७१२. नव्या कॅलेंडरकडे हळूहळू सरकायचं म्हणून त्यांनी १७०० सालचा लीप दिवस गाळला, पुढे तो बेत बारगळला, आणि जुन्या कॅलेंडरवर परत यायला फेब्रुवारीत एक जादा दिवस घालावा लागला.

सर, तुमच्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारा हो, त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस कधी?