'देवाचा हात होता तुमच्यावर' : लढून आलेल्या माणसाला हे म्हणावं का?

उभा_पहारा (धागाकर्ता)

सोळा वर्षं गणवेशात गेली, त्यातली शेवटची काही थेट गोळीबारात. घरी येऊन चार वर्षं झाली. कुठली लढाई, कुठली सीमा हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की प्रतिसाद कुठे जातात ते इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. ओळखीचं कुणीही भेटलं की दोन मिनिटांत म्हणतं, "देवाचा हात होता हो तुमच्यावर." प्रेमाने म्हणतात, मी मान हलवतो. पण तेवढ्यात डोक्यात हिशेब सुरू झालेला असतो. त्या दिवशी माझ्या डावीकडे हातभर अंतरावर एक जण होता. खरं तर ती जागा माझी. त्याला बुटाची नाडी आवळायची होती, तिथे टेकायला दगड होता, म्हणून आम्ही सरकलो. देवाचा हात माझ्यावर होता, तर मग त्याच्यावरून कुणी काढला? आणि देवाचं करण्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी नेमाचा. सकाळी तोंडावर पाणी मारलं की आधी हात जोडायचा, मग दाढीचं सामान काढायचा.

माझी श्रद्धा नव्हती असं नाही. पण तिथली श्रद्धा उघड्या डोळ्यांची होती. चालता चालता खिशात बोटं जायची, एक मणी होता तो चाचपायचा, पुढे बघायचं. घरी आल्यावर सांगितलं, शांत बसा देवासमोर, डोळे मिटा. डोळे मिटत नाहीत! आणि देवाकडे तोंड केलं की दाराकडे पाठ होते. मग मी भिंतीला टेकून, दार दिसेल असा तिरका बसतो. म्हणजे देवाकडे अर्धी पाठ.

माझं म्हणणं एवढंच, की श्रद्धेची आणि 'तू वाचलास' याची गाठ मारू नका. ज्याला तुम्ही बक्षीस म्हणता ते दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवरून आलेलं असतं.

पाऊलखूण

असहमत. मीही लढून आलोय, त्यामुळे 'तुम्हाला काय कळणार' हे उत्तर आधीच बाद.

तुम्ही त्या वाक्याचा कोर्टातल्यासारखा अर्थ लावताय. समोरच्याला म्हणायचं असतं, तू आलास, बरं वाटलं. भावना एवढी मोठी आहे आणि शब्द सापडत नाहीत, म्हणून तो देवाचं नाव घेतो. हातात जे सापडतं तेच माणूस पुढे करतो. त्यावर तुम्ही हिशेब मांडलात तर दोष वाक्याचा नाही.

दुसरं, मला श्रद्धेनेच सावरलं, आणि ते कसल्या साक्षात्काराने नव्हे. सैन्यातून बाहेर पडल्यावर माझं सगळ्यात मोठं दुखणं होतं मोकळा वेळ. कुणी शिट्टी वाजवत नाही, कुणी हजेरी घेत नाही, आणि नव्या नोकरीत एक कागद उशिरा गेला की लोक 'आणीबाणी, आणीबाणी' करत पळतात. आपण बघत बसतो, ह्यात मेलं कोण? चिडचिड व्हायची, मग लाज वाटायची. त्या काळात पहाटेची प्रार्थना ही एकच गोष्ट ठरल्या वेळेला होती. मनात काय चाललंय ते त्या वेळेला देणंघेणं नव्हतं. उठायचं, हात धुवायचे, बसायचं. मन मागाहून आलं, आठ-नऊ महिन्यांनी.

निदान_आधी

दोघांचा मान राखून लिहिते. मी मानसोपचारात काम करते.

पाठ भिंतीला, नजर दारावर, डोळे मिटता न येणं ह्याला आमच्याकडे अतिसावधपणा म्हणतात. त्यात ना देवाचा प्रश्न आहे, ना चारित्र्याचा. शरीर अजून पहाऱ्यावर आहे, एवढंच. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये असे रुग्ण नोंदवले, तेव्हा 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू हलतो अशी समजूत होती. पुढे दिसलं, की जे गोळ्याच्या जवळपासही नव्हते तेही थरथरत होते. मग कितीतरी वर्षं हे 'मनाने कच्चे' म्हणवले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार, हे नाव यायला 1980 उजाडलं.

आज ह्यावर चांगले उपचार आहेत. प्रशिक्षित माणसाबरोबर त्या आठवणीपाशी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा जायचं. 'माझ्यामुळे झालं' अशा ठाम समजुती तपासायच्या. माझा अनुभव असा, की 'नेम धर, सुटशील' हे ऐकून लोक दोन-तीन वर्षं घालवतात, आणि तोवर झोप, नोकरी आणि घर तिन्ही हातचं जातं. प्रार्थना करा ना, पण आधी दाखवून या.

उभा_पहारा

दाखवून झालंय. दीड वर्ष जात होतो. फायदा झाला, खोटं बोलणार नाही. फटाका वाजला की आता जमिनीवर पडत नाही, रात्री चार तास सलग लागतात. पण भीती उतरल्यावर खाली जे उरलं, ती भीती नव्हतीच. ती जागा बदलल्याची गोष्ट आहे. ती चुकीची समजूत आहे असं मला तीन वेळा नीट समजावून सांगितलं. मला ते समजलंही. समजून काही हललं नाही.

खडूचा_डबा

वाचतेय. बोलण्यासारखं काही नाही माझ्याकडे.

जुनी_शाई

भीती वेगळी आणि टोचणी वेगळी, हा तुमचा भेद नेमका आहे. व्हिएतनाममधून आलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात 'नैतिक जखम' हा शब्द मांडला तो ह्यासाठीच. जे व्हायला नको होतं ते माझ्या हातून किंवा माझ्यासमोर झालं, ही जखम. घाबरण्याचा इलाज तिला पुरा पडत नाही.

आणि इथे जुना धर्म आपल्यापेक्षा शहाणा होता असं माझं मत. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं त्या लढाईनंतर, नॉर्मंडीच्या धर्मगुरूंनी जिंकलेल्या सैनिकांसाठी, हरलेल्यांसाठी नव्हे, प्रायश्चित्ताचे नियम केले. ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. घाव घातला पण मेला की नाही माहीत नाही, तर प्रत्येकी चाळीस दिवस. धनुर्धाऱ्याला तर आपला बाण कुणाला लागला हे कळतच नाही, म्हणून त्याला ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे तीन काळ. बायबलच्या गणना ह्या भागातही आहे, ज्याने माणूस मारला त्याने सात दिवस छावणीबाहेर राहायचं, शुद्ध व्हायचं, मग आत यायचं.

म्हणजे तुझ्या हातून काहीतरी झालंय हे त्यांनी उघड मान्य केलं, आणि त्याला मुदत घातली. आपण टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बिल भरायच्या रांगेत उभं करतो. छावणीबाहेरचे ते सात दिवस आपण गाळून टाकले.

तिरकस_रेघ

शाईबुवा, अर्धंच सांगितलंत. त्याच नियमांत पुढे आहे, की किती मारले हे ज्याला आठवत नाही त्याने आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस प्रायश्चित्त घ्यावं, नाहीतर कायमचं दान द्यावं, चर्च बांधावं. म्हणजे पैसेवाल्याने चर्च बांधून मोकळं व्हायचं आणि भालेवाल्याने दिवस मोजायचे. विजेत्या विल्यमने त्या रणांगणावर अख्खा मठ उठवला. टोचणी गेली की नाही ते तोच जाणे, राज्य मात्र राहिलं.

आपल्याकडचं लाडकं उदाहरण अशोक. तेराव्या शिलालेखात कलिंगाबद्दल सांगतो, दीड लाख माणसं नेली, एक लाख मारली गेली, आणि मला पश्चात्ताप झाला. पण हा तेरावा लेख कलिंगातच, म्हणजे धौली आणि जौगडला, कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी दुसरे लेख आहेत. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात माफी नाही, बाकी मुलखाला ऐकवली. धर्माचा पश्चात्ताप मारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतो. मेलेल्याच्या बाजूने त्यात कोण बोलतं?

जुनी_शाई

धौलीचा मुद्दा बरोबर आहे, हरलो. पण अशोक राजा होता. कलिंगात ज्याच्या हातात प्रत्यक्ष तलवार होती त्या माणसाने घरी जाऊन काय केलं ह्याचा एकही दगड नाही. धागा त्या माणसाबद्दल आहे.

उंबरठा

मी ह्या सगळ्याच्या पलीकडच्या बाजूला राहते. माझे यजमान लढून आले.

मध्यरात्री कडीचा आवाज येतो. एकदा लावली की नाही पाहतात, परत पाहतात, तिसऱ्यांदा नुसता हात लावून येतात. मी जागीच असते. देवाचं नाव घरात काढायचं नाही, असा त्यांचा नियम. मी पाळते.

पण उभा_पहारा, तुम्ही त्या वाक्यावर बंदी घालताय ते मला पटत नाही. ते तिकडे होते तेव्हा चौदा महिने मी रोज एकच मागणं मागत होते. फोन वाजला की आधी हात जोडायचे आणि मग उचलायचा. ते आले. मग मी कुणाचे आभार मानायचेच नाहीत का? तुमच्या हिशेबात आम्ही बायकांनी काय मागावं, 'सगळे येवोत'? तसंही मागितलं. पण खरं सांगू, आधी स्वतःचा मागितला. प्रत्येक घरात तेच चाललं होतं, त्या दुसऱ्या घरातही. 'देवाने वाचवलं' हे वाक्य आमचं आहे. तुमच्याबद्दल असलं म्हणून ते तुमचं होत नाही.

उभा_पहारा

दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं.

बरोबर आहे तुमचं. माझी बायकोही असंच मागत असणार. मी कधी विचारलं नाही. फक्त एक विनंती, ते वाक्य देवाला सांगा. आमच्याकडे बघून नका सांगू.

निदान_आधी

वर मी जरा फटकन लिहिलं. त्याला एक जोड देते.

1917 च्या सुमारास रिव्हर्स नावाचे डॉक्टर शेल शॉक झालेले सैन्यातले अधिकारी तपासत. तेव्हा रुग्णाला सरसकट सल्ला मिळायचा, विसरा, विषय काढू नका. रिव्हर्सना तो घातक वाटे. त्यांच्या एका रुग्णाला मित्राचं छिन्नविच्छिन्न शरीर सापडलं होतं, तेच रोज स्वप्नात. रिव्हर्सनी त्याला एवढंच दाखवून दिलं, की देह ज्या अवस्थेत होता त्यावरून तुझा मित्र क्षणात गेला, त्याला यातना झाल्या नाहीत. काही रात्री स्वप्न पडलंच नाही. मग पुन्हा पडलं, पण त्यात तो मित्राशेजारी गुडघे टेकून, घरच्यांना द्यायला त्याच्या वस्तू हळूच काढून घेत होता. आठवण गेली नाही. तिला धरायला एक बाजू मिळाली.

पाऊलखूण

मी तरी दुसरं काय म्हणतोय? ह्यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो.

तिरकस_रेघ

मुळीच नाही. डॉक्टरने पुरावा दाखवला. तुमच्या मंडळींनी 'तो चांगल्या जागी गेला' म्हणून पाठ थोपटली असती. पहिलं तपासता येतं. ते खोटं असतं तर रिव्हर्सही गप्प बसले असते.

पाऊलखूण

पुरावा तर त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून होता हो. कुणीतरी शेजारी बसून म्हणावं लागलं. असो, ह्यावर आपलं जमणार नाही.

उभा_पहारा, बसण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिलं वर्षभर मी प्रार्थनेला शेवटच्या रांगेत, दारातच बसायचो. एक पाय बाहेर. डोळे उघडे.

उभा_पहारा

चालतं असं?

पाऊलखूण

मला चाललं. वर कुणी हरकत घेतल्याचं कळलं नाही.

तिरकस_रेघ

हे उत्तर मात्र आवडलं.

उभा_पहारा

निदान_आधी, वस्तूंचं लिहिलंत म्हणून सांगतो. तो मणी माझा नाही. त्याचा आहे. दाढीच्या पिशवीत होता, बाकी सामान यादी करून घरी गेलं, हा माझ्याकडे राहिला. राहिला म्हणजे मी ठेवला. चार वर्षांत त्याच्या आईकडे जाणं झालं नाही. ती म्हणेल, निदान तू तरी वाचलास. त्यावर काय बोलायचं?

उंबरठा

काही नाही. मणी द्यायचा.

अचानक जाऊ नका, आधी कळवा. आणि बायकोला बरोबर न्या. आई तिच्याशी बोलेल, तुम्ही दार दिसेल असे बसा.