राखेचा बुधवार आणि घरचा उपवासकाळ: अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल क्रुसामागची वाळकी झावळी काढली. गेल्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आईनं पात्यांचा विणलेला छोटा क्रूस, हात लावला तशी टोकं गळून पडली. कागदात गुंडाळून ठेवलाय. चर्चमध्ये दिला की राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्याचीच राख कपाळाला. आणि सांगलीचं जुनं घर आठवलं. गल्लीत कॅथलिक आम्हीच. त्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी मटणाचं पातेलं घासून माळ्यावर जायचं ते थेट ईस्टरला खाली. वडिलांची दुसरी पाळी, शुक्रवारी चर्च जमायचं नाही. मग क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा प्रसंगांची प्रार्थना, घरातच, भिंतीवर खडूनं चौदा क्रूस काढून. मला उपवासकाळ कळला तो त्या भिंतीसमोर. तुमच्याकडे कसं असायचं?

कोरेगावकर
शुक्रवार म्हणजे घेवड्याची आमटी आणि भाकरी! आजीला फादर सांगायचे, उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाला, तुम्ही सुटलात. ती ऐकतेय होय! राखेच्या बुधवारी एकदाच जेवायची. मटणाचे वाचलेले पैसे डब्यात, ईस्टरआधी कुणा गरजूच्या हातात. मला तो डबा उपाशी राहण्यापेक्षा मोठा वाटतो.

मिरजवाली
आम्ही मिशनवाले, प्रोटेस्टंट. आमच्या चर्चमध्ये राख लावत नाहीत. पण शाळेत शेजारी बसणारी लावून यायची. एका बाईंनी तिला तोंड धुऊन यायला सांगितलं होतं. रडली नाही, धुतलंही नाही. फार मानते मी तिला अजून.

कृष्णाकाठची
@मिरजवाली वाचून डोळे भरले गं.

सातारी_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. साताऱ्यात राहून कंदी पेढे सोडणं काय असतं ते मला विचारा 😄 सासूबाई म्हणतात रविवारी चालतो. खरंय का?

कोरेगावकर
@सातारी_सून रविवार उपवासात धरत नाहीत. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस, त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. सासूबाई बरोबर आहेत, पेढा खा.

जिन्यातला
यंदा (२०२६) आमच्या जिन्यात मजाय. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र, काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. १८ ला आमचा राखेचा बुधवार, लगेच वरच्यांचे रोजे. वरच्या भाभी विचारत होत्या, तुमच्यात पाणी चालतं का? चालतं म्हटलं. तर म्हणाल्या, मग सोपंय की!

पाचगणी_रिटर्न
२०२१ ला कोरोनात फादरनी कपाळाला न लावता डोक्यावर राख भुरभुरली होती. मास्क लावून, न बोलता. "तू माती आहेस, मातीला मिळशील" हे सगळ्यांना मिळून एकदाच. त्या वर्षी वडील गेले होते. ते वाक्य अंगावर आलं.

सातारी_सून
@पाचगणी_रिटर्न 🙏 देव त्यांना शांती देवो.
@कोरेगावकर घेवड्याच्या आमटीत चिंच की आमसूल?

कोरेगावकर
आमसूल. आणि गुळाचा खडा. घेवडा रात्रीच भिजत घाला, नाहीतर दाताखाली येतो.

मिरजवाली
आमच्यात चिंचच. कांदा-लसूण मसाला घरचा हवा मात्र.