प्रतिसाद: कॉन्सेप्ट गाड्यांची छपरं

तुम्ही म्हणता की कॉन्सेप्ट (नमुन्यादाखल बनवलेल्या) स्पोर्ट्स कारची उघडणारी अनोखी छपरं प्रदर्शनापुरतीच, पुढे विकायच्या गाडीत ती येत नाहीत. बहुतेक वेळा खरं, पण सरसकट नाही. इटालियन डिझायनर फिओरावंती यांनी २००१ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात 'व्होला' ही कॉन्सेप्ट गाडी दाखवली होती. तिचं छप्पर घडी होतच नाही! सीटमागच्या आसावर अख्खं १८० अंश फिरतं आणि डिकीच्या झाकणावर उलटं पडतं, म्हणजे आतली बाजू आभाळाकडे. त्यामुळे डिकीतली जागा जात नाही, घडीच्या पत्र्याच्या छपरांचं खरं दुखणं तेच.

हीच युक्ती २००५ च्या फेरारी सुपरअमेरिका या विक्रीच्या गाडीत आली, वर काच विजेवर गडद-फिकी होणारी. गाड्या मात्र ५५९च बनल्या. तेव्हा तुमचं म्हणणं निम्मं मान्य.