दीर्घ बेरोजगारीनंतर दुकानातली पहिली नोकरी : आपले अनुभव लिहावेत

बराच काळ हाताला काम नसताना ज्यांना दुकानात विक्रीची किंवा बिलिंगची पहिलीच नोकरी मिळाली, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. नोकरी कशी मिळवावी याविषयी पुष्कळ सल्ले मिळतात. रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातला कारखाना बंद पडल्यानंतर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेरोजगार कुटुंबांची पाहणी केली होती. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत असे दिसले की, मोकळा वेळ भरपूर असूनही लोकांचे वाचन घटले आणि पुरुषांची चालसुद्धा मंदावली. काम गेले की पगाराबरोबर दिवसाची घडीही मोडते. ती पुन्हा बसवताना काय सोसावे लागले आणि कशाचा आधार झाला, हे वाचून नव्याने रुजू होणाऱ्यांना धीर येईल, असे मला मनापासून वाटते.

*

माझ्या बाबतीत सर्वांत आधी पायांनी तक्रार केली. घरी असताना दिवसभर बसण्याची सवय जडली होती आणि येथे संपूर्ण पाळी उभ्याने काढायची होती. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या भरून येत की, घरी आल्यावर जिना चढणेही नकोसे होई. एका जुन्या सहकारी ताईंनी सांगितले, "एका जागी ताठ उभी राहू नकोस, वजन या पायावरून त्या पायावर घेत राहा आणि गर्दी नसेल तेव्हा रॅकमधला माल सारखा करायला जा." त्याचा खरोखर उपयोग झाला. रुजू होण्यापूर्वी काही दिवस रोज चालण्याचा सराव करावा आणि पैसे जपून वापरायचे असले तरी चांगल्या तळव्याच्या बुटांवर ते अवश्य खर्च करावेत, असे मी कळकळीने सांगेन.

*

मला भीती होती ती गल्ल्याची. इतक्या वर्षांत दुसऱ्याचे पैसे हाताळले नव्हते, त्यामुळे रांग वाढू लागली की हाताला घाम येई. ज्यांनी मला शिकवले, त्यांची पद्धत फार नेमकी होती. ग्राहकाने दिलेली नोट लगेच खणात टाकायची नाही. ती किती रुपयांची आहे हे मोठ्याने म्हणायचे, नोट समोर दिसेल अशी ठेवायची, उरलेले पैसे मोजून त्यांच्या हातात द्यायचे आणि मगच ती आत सरकवायची. एवढे केले की "मी मोठी नोट दिली होती" हा वाद बहुधा उद्भवतच नाही. बारकोड वाचला गेला नाही तर खालचे आकडे हाताने टाकावे लागतात. नेहमीच्या तेरा आकडी बारकोडमधला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून काढलेला असतो, म्हणून एखादा आकडा चुकीचा पडला तर यंत्र तो क्रमांक स्वीकारत नाही. हे समजल्यावर माझ्या मनावरचा ताण पुष्कळ हलका झाला, कारण सगळा भार माझ्या एकट्याच्या लक्षावर नव्हता.

माल लावण्याचेही असेच आहे. ज्याची मुदत आधी संपते तो पुढे आणि नवा माल मागे, हा नियम एकदा अंगवळणी पडला की, फळीकडे पाहूनच कोठे हात घालायचा ते कळते. दुसऱ्या कोणाला हे काम किरकोळ वाटेल; मला मात्र आज आपण काही नीट केले, ही भावना फार दिवसांनी त्या फळीपुढे उभे असताना मिळाली.

*

मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारतीलच, हे गृहीत धरून मी दोन वाक्यांचे खरे उत्तर तयार ठेवले होते : घरातील आजारपणामुळे काम सोडावे लागले, आता ती जबाबदारी संपली आहे. त्याहून अधिक खुलासा कोणी मागितला नाही.

*

मी पन्नाशी ओलांडल्यावर रुजू झाले आणि माझा सुपरवायझर माझ्या मुलाच्या वयाचा होता. सुरुवातीला त्याला मला काम सांगायला संकोच वाटे आणि मला ते पुन्हा विचारायला. शेवटी मीच म्हणाले, "सर, मला एकदा करून दाखवा, मग मी वहीत लिहून घेते." खिशातल्या त्या छोट्या वहीत माल परत घेण्याची, बिल रद्द करण्याची आणि पाळीच्या शेवटी गल्ला जुळवण्याची पद्धत क्रमाने लिहिलेली होती. नंतर आलेल्या तरुण मुली तीच वही मागून नेऊ लागल्या, तेव्हा आपण या ठिकाणच्या झालो, असे मला प्रथमच वाटले. चिडलेल्या ग्राहकाला सामोरे जाताना मात्र माझे वयच कामी आले, कारण समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय मला घराने लावली होती.

*

पैशांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पगार काम केल्यानंतर हाती येतो. जाण्यायेण्याचा, कपड्यांचा आणि डब्याचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. शिवाय महिन्याच्या मधेच रुजू झालो, तर पहिली रक्कम अर्धवटच असते. पगाराची तारीख, जादा तासांचा हिशेब आणि साप्ताहिक सुट्टी हे तिन्ही रुजू होतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. बरेच दिवस घरी बसलेल्या माणसाला असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, पण ते तसे मुळीच नाही. मी विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे कागद पुढे केला आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवली.